जुना पीएस टू, आठ एमबीचं कार्ड आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी

२०२५ च्या मे महिन्यात हाती घेतलेलं काम ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या तोंडावर पूर्ण झालं. आमच्या घरचा सोनीचा प्लेस्टेशन टू (पीएस टू), म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आता होमब्रू चालवतो. होमब्रू म्हणजे कंपनीच्या परवान्याशिवाय, लोकांनी हौसेने लिहिलेले आणि फुकट वाटलेले प्रोग्राम. इंटरनेटवर याची माहिती ढिगाने आहे, पण ती तिकडच्या बाजाराच्या हिशोबाने लिहिलेली. नागपुरात कोरी डीव्हीडी कुठे मिळते, अस्सल मेमरी कार्ड कसं ओळखायचं, मधेच लाइट गेली तर यंत्राचं काय होतं, याची उत्तरं मला एकेक करून जमवावी लागली. कोणाच्या माळ्यावर असाच डबा पडून असेल तर उपयोग व्हावा म्हणून क्रमाने लिहिते आहे.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगते. मी वापरलेल्या पद्धतीत यंत्राच्या आत काहीही लिहिलं जात नाही. जो काही बदल होतो तो मेमरी कार्डावर, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवायच्या सुट्या कार्डावर. कार्ड काढून ठेवलं की पीएस टू दुकानातून आणला होता तसाच. हे मला फार उशिरा समजलं आणि तोवर 'यंत्र कायमचं बंद पडेल' या धास्तीने मी हात लावायला धजत नव्हते.

यंत्र दादाचं. २००७ मध्ये घेतलेलं, चपटं, ज्याला स्लिम म्हणतात ते, ७७००० मालिकेतलं. दादा आता पुण्यात असतो आणि डबा सक्करदऱ्याला आईकडे माळ्यावर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई आणि भाची आईकडे आल्या, डबा खाली उतरला आणि भाचीने विचारलं, "मावशी, यात आपला गेम बनवता येतो का?" मी लेखापरीक्षणाचं काम करते, प्रोग्रामिंग कॉलेजात एका विषयापुरतं केलेलं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असावं असं मनापासून वाटलं.

३ मे, शनिवार. पहिलं काम अडॅप्टरचं. या मालिकेतल्या स्लिमचा अडॅप्टर बाहेर असतो आणि तो ८.५ व्होल्ट देतो. आमचा मूळचाच होता, तरी इतकी वर्षं पडून असल्यामुळे शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून मल्टिमीटरने तपासून घेतला. तुमचा हरवला असेल तर घरातला कुठला तरी १२ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. यंत्र खरोखर जाऊ शकतं ते इथे, सॉफ्टवेअरमुळे नाही.

यंत्र सुरू झालं. त्याने तारीख विचारली, कारण आतला घड्याळाचा सेल संपलेला. त्याने काही अडत नाही. अडलं ते डिस्कपाशी. दादाच्या गेमची एकही डिस्क वाचली जाईना. स्लिमचं झाकण उघडलं की लेन्स समोरच दिसते, त्यामुळे साफ करणं सोपं आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली, १२० रुपये. कापसाच्या काडीला थेंबभर लावून लेन्सवर अगदी हलक्या हाताने फिरवली, दाब न देता, आणि पंधरा मिनिटं वाळू दिली. त्यानंतर निम्म्या डिस्क चालू लागल्या. नागपूरचा मे आहे हेही ध्यानात ठेवा. पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि खोलीत कूलर. कूलरच्या ओल्या हवेच्या झोतात यंत्र उघडं ठेवू नये. मी ही सगळी कामं सकाळी आठच्या आत उरकत असे.

यंत्रात डिस्क न घालता सुरू केलं की जी मुख्य यादी येते, तिथे कंट्रोलरवरचं ट्रँगलचं बटण दाबायचं. आवृत्त्यांची पाटी उघडते. त्यात डीव्हीडी प्लेयरचा आकडा बघायचा. स्लिममध्ये तो ३.१० किंवा ३.११ असतो. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, सगळी पुढची वाट त्यावर आहे.

आता ही वाट म्हणजे काय ते सांगते, कारण ते समजलं आणि माझी भीती गेली. पीएस टू जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला. कॉपी केलेल्या गेमची डिस्क तो चालवत नाही, पण घरी तयार केलेली व्हिडिओची डीव्हीडी मात्र चालवतो, कारण तो डीव्हीडी प्लेयर म्हणूनही विकला गेला होता. व्हिडिओ डीव्हीडीवर आयएफओ नावाच्या फाइली असतात, ज्यात कुठला भाग कुठे आहे त्याची नोंद असते. पीएस टूचा प्लेयर ही नोंद वाचताना ती किती लांब आहे ते नीट तपासत नाही. मुद्दाम लांब करून ठेवलेली नोंद दिली की ती ठरलेल्या जागेबाहेर सांडते आणि तिच्यासोबत आपला प्रोग्राम आत शिरतो. सीटर्ट या टोपणनावाच्या सुरक्षा संशोधकाने ही फट जून २०२० मध्ये उघड केली, फ्रीडीव्हीडीबूट या नावाने. म्हणजे यंत्र आल्यानंतर वीस वर्षांनी, आणि सोनीने त्याचं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबवल्यानंतरही सात वर्षांनी. कोणीतरी एवढ्या काळाने एका बंद झालेल्या यंत्रापाशी बसून हे शोधतं आणि सगळ्यांना फुकट देतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डीव्हीडी दरवेळी लागू नये म्हणून दुसरी पायरी मेमरी कार्डाची, तिचं नाव फ्री एमसी बूट. ही फट नव्हे, सोनीने स्वतःसाठीच ठेवलेलं दार आहे. पीएस टू सुरू होताना मेमरी कार्डावर प्रणालीची नवी आवृत्ती आहे का ते बघतो आणि असली तर ती चालवतो. जपानमधल्या अगदी पहिल्या यंत्रांना डीव्हीडी प्लेयर मेमरी कार्डावरूनच मिळत असे. फ्री एमसी बूट त्याच जागी स्वतःची फाइल ठेवतं. ही फाइल त्या-त्या कार्डाशी कुलूपबंद केलेली असते, म्हणून एका कार्डावरून दुसऱ्यावर नुसती कॉपी करून चालत नाही. प्रत्येक कार्डावर ती यंत्रातूनच बसवावी लागते. आणि म्हणूनच आधी डीव्हीडी हवी.

ज्यांचं यंत्र ९०००० मालिकेतलं आहे त्यांनी इथे थांबून बघावं. त्या मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांत, ज्यांचं बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा आतला मूळ प्रोग्राम, २.३० आहे, सोनीने हे दार बंद केलं. त्यांच्यासाठी ओपनट्युना नावाचा दुसरा उपाय आहे. तोही मेमरी कार्डावरच बसतो.

दादाला फोन केला. त्याच्या कार्डावर त्याचे सगळे जुने सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेले खेळ, होते आणि त्याची परवानगी हवी होती. तो म्हणाला, "यंत्र तुझं, काय करायचं ते कर. पण माझ्या कार्डाला हात लावू नको." त्याचं बरोबर होतं. म्हणून ठरवलं की नवं कार्ड आणायचं आणि दादाचं कार्ड दुसऱ्या खाचेत राहील.

दुसऱ्या शनिवारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. मोदी नंबर दोन, मोदी नंबर तीन अशा गल्ल्यांतून मोबाइल दुरुस्तीची, कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. बहुतेकांनी मानच हलवली. एकाने विचारलं, "ताई, हे आता कोण वापरून राहिलं?" पण त्यानेच मागच्या गल्लीतल्या गेम दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला. त्या दुरुस्तीवाल्याने आधी यंत्राचं कुलूप चुकवणारी चिप बसवून देतो म्हणून सांगितलं, १,५०० रुपये. त्यासाठी यंत्र उघडून बोर्डावर बारीक तारा डाग देऊन जोडाव्या लागतात. मला यंत्राच्या आत हात नको होता. मी फक्त कार्ड मागितलं.

त्याच्याकडे डबाभर कार्डं होती. इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे लोकांचे इथे जातात. सोनीचं अस्सल कार्ड ८ एमबीचं असतं आणि त्यावर मॅजिकगेट असं छापलेलं असतं. मॅजिकगेट ही ती कुलूपबंद करायची व्यवस्था. ६४ किंवा १२८ एमबीची स्वस्त कार्डं गेम साठवतात, पण त्यातल्या बऱ्याचशांना हे कुलूप नीट जमत नाही आणि फ्री एमसी बूट बसत नाही किंवा काही दिवसांनी खराब होतं. मोठा आकडा बघून भुलू नका, या कामाला ८ एमबी पुरून उरतात. मी यंत्र सोबतच नेलं होतं. त्याच्या दुकानातल्या टीव्हीला लावून कार्ड उघडतं का, त्यावर सेव्ह होतं का, दोन्ही तपासलं आणि ७०० रुपयांना घेतलं. तो १,००० म्हणत होता. ऑनलाइन आधीच फ्री एमसी बूट बसवलेली कार्डंही मिळतात. ज्यांना डीव्हीडीचा खटाटोप नको त्यांच्यासाठी ते ठीक आहे. पण ती बऱ्याचदा अनोळखी फाइलींनी आणि चोरीच्या गेमच्या याद्यांनी भरलेली येतात, म्हणून मी टाळलं.

आता कोरी डीव्हीडी. हा भाग सोपा जाईल असं वाटलं होतं. बर्डीवर नाही, महालात नाही, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या स्टुडिओतही नाही, कारण तेही आता पेनड्राइव्ह देतात. महिना संपत आला. भाचीची शाळा सुरू व्हायची वेळ जवळ आली. शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं, "कोर्टासमोर बघा ना." आणि खरंच, सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या परिसरातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे सीडी-डीव्हीडीचा अख्खा गठ्ठा होता.

"वकील लोकं अजून नेतात ना ताई," काका म्हणाले. "रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर डीव्हीडीच देतात. पेनड्राइव्हवरचं बदलता येते, याच्यावरचं नाही बदलता येत."

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं ते आता त्याच्या कलम ६३ खाली. त्याचे कोरे नमुनेही काकांच्या काउंटरवर होते. कायदा बदलला तरी डिस्क राहिली आणि माझं काम झालं. डीव्हीडी घेताना वजा चिन्हाची, म्हणजे डीव्हीडी-आर मागा. अधिक चिन्हाची पीएस टूला कमी मानवते. एक २५ रुपयांना. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या.

काकांकडेच राइटर होता, डिस्क लिहून द्यायचे ५० रुपये. मी फ्रीडीव्हीडीबूटची स्लिमसाठीची, इंग्रजी भाषेची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, एका रिकाम्या पेनड्राइव्हवर नेली होती. सार्वजनिक कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा आणि घरी आल्यावर फॉरमॅट करा. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. फाइल नुसती डिस्कवर टाकायची नाही, 'डिस्क इमेज' म्हणून लिहायची, आणि वेग सगळ्यात कमी ठेवायचा. काकांनी चारच्या वेगाने लिहिली, शेवटी डिस्क बंद केली, म्हणजे फायनलाइज. तोवर बाकावर बसले. बाजूला एक आजी फेरफाराच्या उताऱ्याच्या प्रती काढायला आल्या होत्या. मी कशासाठी आले ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी नातवाला मोबाइलपेक्षा हे बरं असं ठामपणे मत दिलं.

३१ मे, शनिवार, सकाळी. यंत्राची भाषा इंग्रजी आहे हे सेटिंगमध्ये पाहिलं. भाषा दुसरी असेल तर ही डिस्क चालत नाही. पहिली डिस्क घातली. यंत्र बराच वेळ घरघरलं आणि म्हणालं, डिस्क वाचता येत नाही. पोटात गोळा आला. दुसऱ्या कंपनीची घातली. पडदा काळा झाला, क्षणभर तसाच राहिला आणि मग निळसर पडद्यावर फाइलींची यादी करणारा यूलाँचएल्फ उघडला. मी आणि भाची दोघी ओरडलो. आई स्वयंपाकघरातून धावत आली, काही जळलं की काय म्हणून.

यूलाँचएल्फमध्ये एक गोष्ट गोंधळवते. तिथे होकारासाठी सर्कल आहे, क्रॉस नाही. जपानी सवय आहे ती. यादीत यंत्राच्या दोन खाचा एमसी झिरो आणि एमसी वन अशा दिसतात आणि पेनड्राइव्ह मास या नावाने. पेनड्राइव्ह फॅट३२ या मांडणीतच फॉरमॅट केलेला हवा.

फ्री एमसी बूट बसवण्याआधी मी एमसी वन उघडलं. दादाच्या कार्डावरचं फक्त वाचायचं होतं, लिहायचं काही नव्हतं. एकेका सेव्हवर जाऊन आर वन दाबलं की यादी येते, तिथून कॉपी, मग पेनड्राइव्हवर जाऊन पीएसयू पेस्ट. पीएसयू म्हणजे अख्खा सेव्ह एका फाइलीत बांधून ठेवणं, तारखांसकट. त्या तारखा वाचताना काम थांबलं. २००८ ची दिवाळी, २००९ चा मे, रात्री दोन वाजताचे, तीन वाजताचे सेव्ह. बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यातलेसुद्धा. दादाला त्या यादीचा फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला आणि आम्ही बराच वेळ बोललो. तुम्ही हे सगळं कशासाठीही करा, पण जुन्या कार्डाची अशी एक प्रत आधी काढा. ती कार्डं पंधरा-वीस वर्षांची झाली आहेत, त्यांच्यातल्या गोष्टी दुसरीकडे कुठेच नाहीत.

बसवणं त्यामानाने झटपट झालं. दादाचं कार्ड काढून बाजूला ठेवलं. नवं कार्ड पहिल्या खाचेत, पेनड्राइव्हवरच्या फ्री एमसी बूटच्या फोल्डरमधला इन्स्टॉलर सुरू केला. साधं इन्स्टॉल निवडलं. मल्टी इन्स्टॉल नावाचा पर्याय जुन्या आवृत्त्यांत दिसतो, तो घेऊ नका, त्याने कार्डाची मांडणीच विचित्र होऊन बसते. यंत्र इन्व्हर्टरच्या प्लगला लावलं होतं. लाइट गेली असती तरी यंत्राला धोका नव्हता, फक्त कार्ड अर्धवट राहिलं असतं आणि पुन्हा फॉरमॅट करावं लागलं असतं. डिस्क काढून यंत्र बंद-चालू केलं. मुख्य यादीत नेहमीच्या दोन ओळींखाली नव्या ओळी आल्या होत्या. मग कार्ड काढून पुन्हा सुरू करून पाहिलं. जुनाच पीएस टू, अगदी तसाच.

जूनमध्ये दोन-तीन प्रोग्राम आजमावले. एसएमएस म्हणजे सिंपल मीडिया सिस्टिम, त्यावर जुने डिव्हएक्स व्हिडिओ आणि एमपीथ्री चालतात. घरातल्या लग्नांचे जुने व्हिडिओ एव्हीआयमध्ये बदलून घेतले, आई खूश. ओपन पीएस टू लोडरने गेम डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून चालतात. आमची लेन्स थकलेली असल्यामुळे याचा खरा उपयोग झाला. या यंत्राचा यूएसबी जुना, १.१ प्रकारचा आहे, सेकंदाला जेमतेम १२ मेगाबिट. गेममधले चित्रफितीचे भाग अडखळतात, बाकी खेळ नीट चालतो. फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, ती तोडून ठेवावी लागते.

कायद्याचं मी आधी वाचून घेतलं होतं आणि तुम्हीही वाचा, इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर मूळ कायदा फुकट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७. त्यातल्या कलम ५२ च्या पोटकलम एक, खंड एए मध्ये, प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला नुकसानापासून बचाव म्हणून तिची बॅकअप प्रत काढता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए सांगतं की हक्काचा भंग करण्याच्या इराद्याने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इराद्याचा शब्द महत्त्वाचा. मी फक्त दादाच्या विकत घेतलेल्या डिस्कच्याच प्रती काढल्या. मूळ डिस्क जपून ठेवल्या आहेत. इंटरनेटवरून हजार गेम उतरवायचे असतील तर त्यासाठी हा लेख नाही. होमब्रू लिहिणाऱ्यांनी वीस-पंचवीस वर्षं या यंत्रासाठी कष्ट घेतले ते त्यावर आपलं काहीतरी करता यावं म्हणून. सोनीनेही एकेकाळी या यंत्रासाठी हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउससकट लिनक्सचा संच विकला होता. आपल्या यंत्रावर आपला प्रोग्राम चालवायची इच्छा काही आडवाटेची नाही.

आता भाचीचा गेम. ताई आणि ती अमरावतीला परत गेल्या होत्या, पण रोज फोनवर सूचना येत. तिला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाचा, गेम हवा होता. लाकडी नंदी चाकांवर ओढत गल्लीतून न्यायचा, घरोघरी थांबायचं, बोजारा, म्हणजे मुलांना मिळणारे पैसे-खाऊ, गोळा करायचा. वाटेत खड्डे आणि एक कुत्रा. कुत्रा चावत नाही, नुसता आडवा येतो, ही तिची अट.

यासाठी मी अथेनाएन्व्ह वापरलं. त्यात पीएस टूवर जावास्क्रिप्ट चालते. एक मुख्य प्रोग्राम आणि त्याच्या शेजारी तुमची जावास्क्रिप्टची फाइल, दोन्ही पेनड्राइव्हवर, आणि यूलाँचएल्फमधून सुरू. सी भाषा येत असेल तर पीएसटूएसडीके हा मूळ संच आहे, पण माझ्यासारख्यांना जावास्क्रिप्टच बरी. चौकोन हलवणं, बटण दाबलं ते कळणं, हे एका संध्याकाळी जमलं. नंदी धावायला लागला. अडचण आली ती मराठीची.

पडद्यावर 'शिंग' लिहिलं तर पहिली वेलांटी श च्या मागे जाऊन बसली. 'सर्जा'तला रफार सुटला, र वेगळा, पाय वेगळा. फॉन्ट चांगला देवनागरीचाच होता. पण अशा छोट्या वातावरणात अक्षरं फॉन्टमधून एकेक उचलून ओळीने मांडली जातात. आपल्या लिपीत मात्र वेलांटी आधी येते, रफार वर चढतो, दोन व्यंजनं जुळतात. मोबाइलवर हे काम करायला वेगळी यंत्रणा असते, इथे ती नाही. रोमन लिपीवाल्याला ही भिंत दिसतच नाही. मराठी अक्षरं रोमनमध्ये लिहून मोकळं होणं सोपं होतं, पण ते मला मान्य नव्हतं. बैलाच्या अंगावरची झूल, बाशिंग, घुंगरू, वेसण हे शब्द तिला तिच्या लिपीत दिसायला हवे होते.

उपाय साधा निघाला, पण वेळखाऊ. प्रत्येक शब्द कॉम्प्युटरवर नीट लिहून त्याचं चित्र केलं आणि गेममध्ये चित्रच दाखवलं. पीएस टूच्या चित्र काढणाऱ्या भागाला स्वतःची फक्त ४ एमबी मेमरी आहे, मुख्य मेमरी ३२ एमबी. म्हणून चित्रं लहान आणि २५६ रंगांची ठेवली. अंकांसाठी ० ते ९ ची दहा वेगळी चित्रं, म्हणजे बोजाऱ्याचा आकडा कितीही झाला तरी मराठीत दिसतो. हे कोणाला करायचं असेल तर शब्दांची यादी आधी पक्की करा. दर नव्या शब्दाला नवं चित्र लागतं आणि भाची दर आठवड्याला नवे शब्द सुचवते.

जुलै आणि ऑगस्टचा पूर्वार्ध यातच गेला. पाऊस लागला होता, ऑफिसातून आलं की जेवून दोन तास. दर बदलाला पेनड्राइव्ह कॉम्प्युटरमधून यंत्रात, यंत्रातून कॉम्प्युटरमध्ये. ज्यांच्याकडे राउटर जवळ आहे त्यांनी नेटवर्कच्या तारेने फाइली पाठवायची सोय बघावी, स्लिममध्ये ते पोर्ट असतंच. टीव्ही नवा असेल तर पिवळ्या पिनच्या केबलवर अक्षरं धुरकट दिसतात. ४५० रुपयांची कंपोनंट केबल घेतली आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये आरजीबीऐवजी दुसरा, वाय अक्षराने सुरू होणारा पर्याय निवडला, तेव्हा झूलीवरची नक्षी स्पष्ट दिसायला लागली. हा पर्याय केबल बदलण्याआधी निवडा, नंतर रंग चुकीचे येऊन यादी वाचताना त्रास होतो.

२३ ऑगस्टला तान्हा पोळा. आदल्या दिवशी पोळ्याला ताई आणि भाची आल्या होत्या. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघून आलो, दुपारी कॉलनीतल्या मुलांचा पोळा भरला, आणि संध्याकाळी पाच-सहा मुलं लाकडी नंद्यांसकट आमच्या हॉलमध्ये. कंट्रोलर एकच चालू, म्हणून पाळी लावली. भाचीने सगळ्यांना सांगितलं की कुत्रा चावत नाही. एका मुलाने विचारलं, पिवळी मारबत यात कधी येणार? त्याचं नाव आणि मागणी वहीत लिहून घेतली आहे.

खर्च जवळपास दीड हजार झाला: कार्ड, डिस्क आणि त्या लिहिण्याचे पैसे, केबल, अल्कोहोल आणि ऑटोचे. राइटर विकत घ्यायचा असता तर तेवढेच आणखी. गणपतीत दादा आला तेव्हा दुसरं एक ८ एमबीचं कार्ड घेऊन आला. त्यावर त्याच इन्स्टॉलरने फ्री एमसी बूट बसवलं. आता डीव्हीडीची गरज उरली नाही, एक कार्ड बिघडलं तर दुसऱ्यावरून तिसरं करता येतं. तुम्हीही शक्य झालं तर दोन करून ठेवा. सुरू करण्याआधी यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि ट्रँगलच्या पाटीवरचा डीव्हीडी प्लेयरचा आकडा, दोन्हींचा फोटो काढा. दुकानात, फोनवर, कुठेही कोणाला मदत मागाल तर पहिला प्रश्न त्याबद्दलचाच येतो.